कोराडीची राख: फुप्फुसात की विटेत?

नागपूरकरांच्या घरात महिन्याला साधारण दोनशे युनिट वीज लागते असे धरू. एक युनिट वीज तयार करायला औष्णिक केंद्रात ढोबळमानाने सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा जळतो. आपल्याकडच्या कोळशात राखेचे प्रमाण ३० ते ४५ टक्के. म्हणजे दोनशे युनिटमागे पन्नास किलोच्या आसपास राख, सिमेंटच्या एका पोत्याएवढी. दर महिन्याला, दर घरामागे एक पोते.

या राखेचा मोठा वाटा कोराडीच्या वाट्याला येतो. कोराडी केंद्राचा पहिला संच १९७४ मध्ये सुरू झाला. जुने संच एकेक करून बंद झाले, ६६० मेगावॉटचे तीन नवे संच आले आणि आज केंद्राची क्षमता २,१९० मेगावॉट आहे. शेजारी खापरखेडा केंद्र आहेच. जगदंबेच्या दर्शनाला येणाऱ्यांना चिमण्या लांबूनच दिसतात. परिसरातल्या गावांना मात्र चिमणीपेक्षा राखड जास्त परिचयाची आहे. ती कौलांवर असते, वाळत घातलेल्या कपड्यांवर असते, कपाशीच्या पानांवर असते.

याच राखडीवर गेल्या काही दशकांत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि पदार्थविज्ञानात बरेच संशोधन झाले आहे. राख हवेत आणि पाण्यात मोकळी राहिली तर काय होते आणि घट्ट बांधली गेली तर काय होते, हे त्यातून कळते. आरोग्याच्या दृष्टीने सगळा फरक याच एका गोष्टीत आहे.

राखेचा कण कसा घडतो?

कोळसा पिठासारखा दळून बॉयलरमध्ये फुंकला जातो. तिथे तापमान १,३०० अंश सेल्सिअसच्या वर असते. कोळशातली माती आणि खनिजे त्या उष्णतेत वितळतात. वितळलेला थेंब पृष्ठताणामुळे गोल होतो आणि धुरासोबत पुढे सरकताना झटकन थंड होतो. इतक्या घाईत थंड झाल्याने त्यातल्या अणूंना शिस्तीत रांगा लावून स्फटिक बनवायला वेळच मिळत नाही. तयार होते ती काच. फ्लाय अ‍ॅशचा बहुतांश भाग म्हणजे सिलिका आणि अ‍ॅल्युमिनाच्या काचेच्या सूक्ष्म गोळ्या. काही गोळ्या आतून पोकळ असतात आणि पाण्यावर तरंगतात.

आर्सेनिक, सेलेनियम, शिसे यांसारखी द्रव्ये त्या उष्णतेत वाफ होऊन उडतात. धूर थंड होऊ लागला की ती परत कणांवर बसतात. लहान कणांचे पृष्ठफळ वजनाच्या मानाने जास्त असते, त्यामुळे विषारी द्रव्यांचा जास्त वाटा सर्वांत बारीक कणांवर जमा होतो. अमेरिकेतील संशोधकांनी हे ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडले ते वर्ष होते १९७४. कोराडीचा पहिला संच सुरू झाला तेच वर्ष.

याचा अर्थ साधा आहे. डोळ्यांना दिसणारी, कौलावर साचणारी जाड राख त्रासदायक खरी, पण जास्त चिंता न दिसणाऱ्या राखेची. दहा मायक्रॉनपेक्षा मोठे कण बहुतेक नाकात आणि घशात अडकतात. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण थेट फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्यांपर्यंत पोहोचतात. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज यावा. चिमणीआधी बसवलेले विद्युत अवक्षेपक कणांना विद्युतभार देऊन पत्र्यांवर ओढून घेतात आणि बहुतांश राख तिथेच पकडली जाते. पण एक मायक्रॉनच्या आतले कण पकडताना या यंत्रणेची क्षमता घटते. त्यातच आपल्या कोळशात गंधक कमी असते आणि राखेत सिलिका-अ‍ॅल्युमिना जास्त. अशी राख विजेला जास्त विरोध करते, त्यामुळे ती पकडणे आणखी कठीण जाते.

फुप्फुसात काय होते?

बारीक धूळ रोज श्वासात गेली की दमा बळावतो, जुनाट खोकला आणि दम लागण्याचा आजार जडतो, हृदयविकाराचा धोका वाढतो. राखेतला स्फटिकरूपी सिलिका, म्हणजे क्वार्ट्झ, हा वेगळा धोका. फुप्फुसातल्या संरक्षक पेशी तो कण गिळतात, पण पचवू शकत नाहीत. पेशी मरतात, कण पुन्हा मोकळा होतो आणि त्या जागी व्रण धरत जातो. हाच सिलिकोसिस. तो बरा होत नाही. तो झालेल्यांना क्षयरोगाचा धोका कित्येक पटींनी जास्त असतो. राखेतला बराच सिलिका काचेच्या रूपात असल्याने ती दगड फोडताना उडणाऱ्या धुळीइतकी घातक नसते. पण वर्षानुवर्षे कोरडी राख भरणाऱ्या, उतरवणाऱ्या किंवा विटा कापणाऱ्या कामगाराला हा धोका नाही, असे म्हणता येत नाही.

सरकारी दवाखान्यात खोकला, वजन घटणे आणि छातीच्या एक्स-रेवर डाग घेऊन आलेल्या माणसाला प्रथम क्षयरोगाची शंका येते, आणि ते योग्यच आहे. पण ‘काम काय करता?’ हा प्रश्न विचारला गेला नाही तर सिलिकोसिस वर्षानुवर्षे निदानाविना राहतो. कायद्यानुसार सिलिकोसिसची नोंद कळवणे बंधनकारक आहे. निदानच झाले नाही तर नोंद कुठून होणार?

पाण्याची वाट

राखेचा एक मोठा भाग पाण्यात कालवून पाइपने तलावात सोडला जातो. १६ जुलै २०२२ रोजी जोरदार पावसात कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला आणि राखमिश्रित पाणी शेतांत, नाल्यांत पसरले. त्याआधी २०२१ मध्ये मंथन अध्ययन केंद्र आणि नागपूरच्या सेंटर फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट या संस्थांच्या अहवालात या परिसरातील काही पाणीनमुन्यांमध्ये पारा, आर्सेनिक यांसारखे घटक मर्यादेपेक्षा जास्त आढळल्याची नोंद होती.

पाणी उकळल्याने जंतू मरतात, धातू जात नाहीत. उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण किंचित वाढतेच. त्यामुळे राखेच्या तलावाजवळच्या विहिरीचे किंवा बोअरचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घेणे हाच खात्रीचा उपाय.

तीच राख, बांधलेली

आता दुसरी बाजू. काच होणे ही राखेची मोठी जमेची बाजू ठरते. सिमेंटमध्ये पाणी मिसळले की चुन्याचे हायड्रॉक्साइड तयार होते. राखेतला काचेचा सिलिका त्याच्याशी संयोग पावतो आणि दगडाला चिकटून बसणारा घट्ट जेल बनतो. प्राचीन रोमन लोक इटलीतल्या ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळत होते, ते याच गुणासाठी. त्यांच्या काँक्रीटचे एक रहस्य २०२३ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी उलगडले. त्यातले चुन्याचे पांढरे खडे हा कामातला निष्काळजीपणा नव्हता. भेगेत पाणी शिरले की त्या खड्यांतला चुना विरघळून भेग पुन्हा बुजते.

आपल्याकडे पोझोलाना सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के फ्लाय अ‍ॅश घालण्याची मुभा भारतीय मानकात आहे. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे सात-आठ टक्के सिमेंट उद्योगातून येतो. त्यामुळे जितकी राख मिसळली जाईल तितका धूरही कमी.

याच्याही पुढचे पाऊल म्हणजे जिओपॉलिमर. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ जोसेफ डेव्हिडोविट्स यांनी १९७० च्या दशकात हे नाव रूढ केले. यात नेहमीचे सिमेंट वापरत नाहीत. राखेवर तीव्र अल्कलीची क्रिया करून तिचेच दगडासारखे जाळे बनवतात. ऑस्ट्रेलियातील टूवूम्बा येथे २०१४ मध्ये सुरू झालेल्या विमानतळावर अशा काँक्रीटचा मोठा वापर झाला. मात्र ही अल्कली म्हणजे कॉस्टिक सोडा आणि सोडियम सिलिकेट. हातमोजे आणि चष्म्याशिवाय काम केले तर कातडी भाजते, डोळा जातो. कारखान्यात बनवलेले ठोकळे आणणे आणि बांधकामावर हे रसायन कालवणे यांत मोठा फरक आहे.

राखेतून दुर्मीळ मृदा धातू काढण्याच्या बातम्याही येतात. अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये विजेच्या झटक्याने राख क्षणभर सुमारे ३,००० अंशांपर्यंत तापवली. त्यामुळे काचेचे कवच मोडले आणि सौम्य आम्लानेही हे धातू बाहेर काढता आले. प्रयोग मोलाचा आहे. पण एक टन राखेत हे धातू सगळे मिळून जेमतेम काहीशे ग्रॅम भरतात. धातू काढले तरी राख जवळजवळ तेवढीच उरते. गावाच्या दृष्टीने त्या उरलेल्या राखेचे काय, हाच प्रश्न महत्त्वाचा.

याच भागात झालेले एक काम इथे सांगायला हवे. नागपूरच्या ‘नीरी’तील शास्त्रज्ञांनी खापरखेड्याच्या राखेच्या ढिगाऱ्यावर शेणखत आणि जिवाणू खते घालून झाडे वाढवून दाखवली. मुळांनी राख धरून ठेवली, उडणारी धूळ कमी झाली. कासोदसारखी झाडे धातू शोषून घेतात हेही दिसले. म्हणूनच अशा जागी लाकूड देणारी झाडे चालतील. भाजीपाला आणि चारा नको.

अडले कुठे?

३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेने औष्णिक केंद्रांना राखेचा शंभर टक्के वापर बंधनकारक केला. न वापरलेल्या राखेवर टनामागे एक हजार रुपये पर्यावरण भरपाई ठेवली. तलावांत साचलेल्या जुन्या राखेसाठी दहा वर्षांची मुदत दिली.

अवक्षेपकाखाली मिळणारी कोरडी, बारीक राख सिमेंट कारखाने घेतात. तलावातल्या राखेत जाडसर राख मिसळलेली असते, ती ओली असते आणि तिची क्रियाशीलता कमी झालेली असते. तिला वाळवणे, चाळणे, पुन्हा दळणे यात खर्च येतो. त्यामुळे जिची सर्वांत जास्त भीती, तीच मागे राहते. कोराडीतील ६६० मेगावॉटच्या आणखी दोन संचांच्या प्रस्तावाची जनसुनावणी मे २०२३ मध्ये झाली. अशा वेळी गावकऱ्यांनी नेमके विचारावे: किती राख कोरडी उचलली जाणार, किती तलावात जाणार, आणि जुना तलाव रिकामा कधी होणार?

तोवर घरच्या पातळीवर काही गोष्टी करता येतात. साचलेली राख झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. राखेच्या कामात साधा रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क लागतो. फ्लाय अ‍ॅशची वीट कापताना पाणी मारावे. पोझोलाना सिमेंटच्या बांधकामाला किमान दहा दिवस पाणी द्यावे, कारण राखेची क्रिया सावकाश चालते आणि अर्धवट राहिली तर प्लास्टरची भुकटी पडते. राखेच्या कामावरच्या माणसाने वर्षातून एकदा एक्स-रे आणि फुंकर मारून करायची फुप्फुसाची तपासणी करून घ्यावी. आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपले काम काय आहे, हे स्वतःहून सांगावे.