वाळवंटात ओले मोजे

बुलेटवरून लडाखला जायचं ठरलं की आमच्या पुण्याच्या ग्रुपमध्ये हातमोजे आणि रेनकोटच्याही आधी खरेदी होते ती भीमसेनी कापराची. फडक्यात पुरचुंडी बांधायची, जॅकेटच्या खिशात टाकायची आणि खिंडीवर दम लागला की हुंगायची. नाक मोकळं होतं, बरंही वाटतं. पण रक्तातला ऑक्सिजन त्यानं कणभरही वाढत नाही.

मुळात ‘वर ऑक्सिजनचं प्रमाण कमी असतं’ हेच खरं नाही. पुण्यात हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो आणि लडाखमधल्या खारदुंग ला खिंडीवरही २१ टक्केच. कमी होतो तो हवेचा दाब. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे. तिथे दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास आणि खारदुंग लावर जेमतेम निम्मा. छाती तेवढीच फुगते, आत हवा मात्र कमी येते. शरीर याची सवय करून घेतं, पण त्याला दिवस लागतात, आणि सुट्टी मोजून नऊ दिवसांची असते. घोडं पेंड खातं ते इथे.

‘आम्ही सह्याद्रीत चढणारे, आम्हाला काय होणार?’ हा आमच्याकडचा खास गैरसमज. कळसूबाई, म्हणजे महाराष्ट्राचं टोक, १,६४६ मीटर. मनालीचा बसस्टँडही त्याहून उंच. दमसास आणि उंचीची सवय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्यात सगळ्यात आधी आडवा झाला तो रोज दहा किलोमीटर पळणारा गडी. मनालीहून एका दिवसात थेट सरचूला, म्हणजे ४,२०० मीटरच्याही वर मुक्काम ठोकला होता. रात्रभर डोकं फुटत होतं, ओकाऱ्या होत होत्या, आणि ‘काही नाही, जेवण बाधलं’ हे त्याचं पालुपद चालू होतं. तंदुरुस्त माणसाचा हाच धोका: तो दुखणं मानत नाही. पोट सुटलेले आमचे पन्नाशीतले काका मात्र डोकं जड झाल्याबरोबर गाडी बाजूला लावून बसले. पुढच्या वेळी आम्ही जिस्पाला, हजारभर मीटर खाली, थांबलो. श्रीनगर-कारगिल मार्गानं गेलं तर चढ आणखी सावकाश मिळतो. दिवसा कितीही उंच खिंड ओलांडा, रात्री झोपता कुठे ते महत्त्वाचं. लेहला पोचल्यावर पहिले दोन दिवस गाडी उभीच राहू द्यावी. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी घ्यायची का, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारावं. सल्फाची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी तर नक्कीच. आणि बसल्या जागी धाप लागली, खोकला थांबेना, किंवा सरळ रेषेत चालताना तोल जायला लागला, तर उपाय एकच: ताबडतोब खाली उतरायचं. हातातला ऑक्सिजनचा छोटा डबा काही मिनिटांचा सोबती असतो. त्याच्या भरवशावर वर थांबू नये.

आता पाण्याचं. वाळवंट म्हणजे कोरडं, ही समजूत लेहच्या पावसाचे आकडे पाहिले तर पटते: वर्षाला १०० मिलिमीटरच्या आसपास. महाबळेश्वरला कधीकधी एका दिवसात याहून जास्त पडतो. पण तिथल्या रस्त्यावर तुम्हाला भिजवतो तो पाऊस नव्हे, बर्फ. सकाळी आठला नाला घोट्याएवढा असतो. ऊन चढतं, वरचं बर्फ वितळतं आणि दुपारी तीनला तोच नाला गुडघ्यापर्यंत येऊन गोटे गडगडवत असतो. पँगाँगच्या वाटेवरच्या एका नाल्याचं नावच पागल नाला. म्हणून तिथे पहाटे निघायचं. नाल्यापाशी आधी एकानं चालत जाऊन तळ बघायचा, मग पहिल्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटर एकसारखा धरून, नजर पलीकडच्या काठावर ठेवून एकेकानं जायचं. नजर पायाखालच्या दगडावर गेली की गाडीही दगडावरच जाते. आणि बुटात पाणी शिरलं की खरी परीक्षा सुरू होते. पंधरा हजार फुटांवरच्या वाऱ्यात ओले मोजे घालून ऐंशी किलोमीटर जायचं असतं. यावर आमच्याकडचा उपाय म्हणजे दुधाच्या धुतलेल्या रिकाम्या पिशव्या. मोज्यावर पिशवी, त्यावर बूट. दिसायला गबाळं, पण बोटं शाबूत राहतात.

कोरड्या ओढ्याच्या सपाट पात्रात तंबू ठोकायचा मोहही आवरावा. ५ ऑगस्ट २०१०च्या रात्री लेहमध्ये ढगफुटी झाली आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. डोंगर उघडेबोडके, पाणी धरून ठेवायला ना झाड ना माती, सगळा चिखल थेट वस्तीवर आला.

गाडीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. ‘मोठ्या इंजिनाशिवाय जमत नाही’ म्हणतात, पण विरळ हवेत खिंडीवर सगळ्याच साध्या इंजिनांची ताकद चाळीसेक टक्क्यांनी घटते. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांवर तिथली माणसं रोज फिरतातच. सव्वादोनशे किलोची गाडी वाळूत आडवी झाली की ती उचलताना लागणारी धाप कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेली नसते. आणि उंचीच्या फलकांचं फार मनावर घेऊ नये. खारदुंग लावर वर्षानुवर्षं १८,३८० फूट असं लिहिलेलं होतं, नव्या मोजणीत ती खिंड १७,५८२ फूट निघाली. फोटो मात्र फलकाचेच निघतात.

सगळ्यात घट्ट बसलेला गैरसमज म्हणजे ‘ग्रुप मोठा तितकं सुरक्षित’. पंधरा गाड्या म्हणजे पंधरा वेळा लघवीला थांबणं, पंधरा चहा, दोन पंक्चर आणि एकाचा हरवलेला चार्जर. सकाळी सहाचं निघणं साडेआठवर जातं आणि नाला दुपारी तीनला भेटतो. उशीर भरून काढायला पुढचे पळतात, मागचे त्यांना गाठायला आपल्या कुवतीबाहेर चालवतात, आणि पडतो बहुधा शेवटून दुसरा. आम्ही आता सात-आठांच्या वर जात नाही. सगळ्यात नवखा पुढच्याच्या लगेच मागे असतो, म्हणजे वेग त्याचा ठरतो. सगळ्यात शेवटी अनुभवी माणूस, हवा भरायचा पंप आणि पंक्चरचं सामान घेऊन. शिवाय प्रत्येकानं आपल्या मागच्याचा दिवा आरशात बघत राहायचं. दिसेनासा झाला की थांबायचं. फाटा आला की मागचा दिसेपर्यंत हलायचंच नाही. ‘फोन करू की’ तिथे चालत नाही. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये लागत नाही, पोस्टपेड लागतं, तेही गावापुरतं.

हानलेच्या वाटेवर चांगथांगचं पठार लागतं आणि मोकळी जमीन बघून हात शिवशिवतात. ‘ओसाड तर आहे, घाला गाडी.’ ओसाड नाही ते. चांगपा लोकांच्या पश्मिना शेळ्या तिथल्याच खुरट्या गवतावर जगतात. कियांग नावाची रानगाढवं आणि लडाखचा राज्यपक्षी असलेला काळ्या मानेचा क्रौंचही तिथलेच. गवत वाढायला वर्षातले जेमतेम तीन-चार महिने मिळतात. एकदा उमटलेली चाकोरी वर्षानुवर्षं मिटत नाही, आणि ती दिसली की मागून येणारा तिच्यातच गाडी घालतो. हानलेत पोचल्यावर दिवेही आवरते घ्यायचे. तिथे वेधशाळा आहे आणि भोवतालचं आकाश अंधारासाठी राखीव. आम्ही अंधार पडायच्या आत पोचायला शिकलो त्याला हेही एक कारण.

कापूर मी अजूनही नेतो. एका तंबूत चार माणसांचे आठ ओले मोजे दोरीवर टांगलेले असतात, तेव्हा रात्री त्याचा फार उपयोग होतो.