कंसातला ‘ॲट’ आणि पत्तेचोर यंत्रं

गोंदिया जिल्ह्यातल्या केशोरी गावच्या कुणाला जिल्हाधिकारी कार्यालयाला ईमेल करायचा असेल, तर जिल्ह्याच्या सरकारी संकेतस्थळावर पत्ता मिळतो. पण ‘@’च्या जागी कंसात ‘ॲट’ आणि टिंबाच्या जागी कंसात ‘डॉट’! ही टायपिंगची चूक नाही. चोरांसाठी केलेला बंदोबस्त आहे. चोर कोण आणि बंदोबस्त किती पक्का, त्याच्या या गमतीजमती.

चिन्हानेच केला घात
1971 साली रे टॉमलिन्सन यांनी ईमेलसाठी ‘@’ निवडलं, कारण ते कुणाच्या नावात येत नव्हतं. हेच वेगळेपण आता पत्त्याच्या मुळावर आलंय. ‘हार्वेस्टर’ नावाचे प्रोग्रॅम पानामागचा कोड चाळत फिरतात. ‘@’च्या दोन्ही बाजूंना अक्षरं आणि पुढे एखादं टिंब दिसलं, की पत्ता यादीत जमा. यादी मग स्पॅमवाल्यांना विकली जाते.

आठ मिनिटांत पाहुणे हजर
अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2002 मध्ये 250 कोरेकरकरीत पत्ते इंटरनेटवर 175 ठिकाणी मुद्दाम पेरले. एका चॅटरूममधल्या पत्त्यावर पहिला स्पॅम अवघ्या आठ मिनिटांत येऊन धडकला! वेबपानांवर टाकलेल्या पत्त्यांपैकी 86 टक्के पत्त्यांना स्पॅमने गाठलं.

21 एमबी विरुद्ध जवळपास शून्य
एका स्विस प्रोग्रॅमरने एकाच पानावर नऊ पत्ते नऊ तऱ्हांनी लिहिले आणि दीड वर्ष वाट पाहिली. 2008 मध्ये निकाल जाहीर झाला. उघड्या पत्त्यावर 21 एमबी स्पॅम, तर ‘ॲट-डॉट’वाल्यावर फक्त 0.084 एमबी! म्हणजे सरकारी कंस दिसतात तितके भाबडे नाहीत. अर्थात आता हुशार प्रोग्रॅमना ही युक्तीही ओळखता येते.

उलटी अक्षरं, सुलटा पत्ता
त्याच प्रयोगात एक पत्ता कोडमध्ये शेवटाकडून सुरुवातीकडे लिहिला होता. ब्राउझर तो सरळ करून दाखवायचा. माणसाला पत्ता सुलटा, यंत्राला उलटा, आणि स्पॅम शून्य! गोची एवढीच, की कॉपी केला की तो उलटाच उतरतो. काहीजण पत्त्याचं चित्र लावतात, पण अंधांना पान वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर तिथे अडतो.

चोरासाठी मधाचं बोट
2004 मध्ये सुरू झालेल्या ‘प्रोजेक्ट हनी पॉट’ने डाव उलटवला. पानावर येणाऱ्या प्रत्येकाला वेगळा, माणसाच्या नजरेस न पडणारा पत्ता दिला जातो. त्यावर स्पॅम आला, की पत्ता कुणी आणि कधी उचलला ते कळतं. हा प्रकल्प उभारणारे मॅथ्यू प्रिन्स आणि ली हॉलोवे पुढे ‘क्लाउडफ्लेअर’चे सहसंस्थापक झाले. तीच कंपनी आज असंख्य संकेतस्थळांवरचे ईमेल पत्ते यंत्रांपासून झाकून ठेवते.

पालघरचं फेसबुक प्रकरण, स्पॅमचं कलम
भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या 66अ कलमात त्रास देणारे आणि दिशाभूल करणारे ईमेलही येत होते. 2012 मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 24 मार्च 2015 रोजी संपूर्ण कलमच रद्द झालं. अभिव्यक्तीचा मोठा विजय! त्या ओघात ईमेलचा भागही गेला. अमेरिकेच्या 2003च्या स्पॅमविरोधी कायद्यात मात्र पत्ते वेचून स्पॅम पाठवणं हा गुन्ह्याची तीव्रता वाढवणारा प्रकार मानलाय.

केशोरीच्या मिरचीवाल्यांसाठी
केशोरीचा परिसर लाल मिरचीसाठी नावाजलेला. ऑर्डरी घ्यायला कुणी वेबपान थाटलंच, तर तीन गोष्टी सांभाळा. एक, बँकेला दिलेला ईमेल पानावर टाकू नका, धंद्यासाठी वेगळा काढा. दोन, पत्ता दाखवण्याऐवजी निरोपाचा फॉर्म ठेवा. पत्ता दाखवायचाच असेल, तर त्यामागची लिंकही तपासा. पुष्कळदा वर कंसातला ‘ॲट’ झळकत असतो आणि खालच्या लिंकमध्ये अख्खा पत्ता उघडा पडलेला असतो. तीन, पत्त्याचं नाव ‘इन्फो’ किंवा ‘सेल्स’ ठेवू नका. असे पत्ते चोरावेच लागत नाहीत, स्पॅमवाले ते अंदाजानेच ठोकून देतात!