वेशाभिकल्प शिक्षण, शाश्वत

वस्त्राची निवड, वेशाची रूपरेखा, मापे, बेतणी, शिवण व सजावट यांचा एकत्रित विचार करून अंगावर घालावयाचे कपडे कल्पिण्याची व सिद्ध करण्याची विद्या म्हणजे वेशाभिकल्प होय. व्यवहारात ती फॅशन डिझाईन या नावाने रूढ आहे. या विद्येचे अध्यापन दीर्घकाळ रेखाटन, शिवणकला आणि बदलत्या रुचीचा अभ्यास यांभोवती केंद्रित होते. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून तीत नवनिर्मिती व शाश्वतता या दोन विषयांना महत्त्व प्राप्त झाले. आजच्या गरजा भागविताना पुढील पिढ्यांची साधनसामग्री संपुष्टात येऊ न देणे, हा शाश्वततेचा अर्थ ब्रुंटलांड आयोगाच्या १९८७ मधील अहवालाने सर्वत्र परिचित केला. वेशाच्या बाबतीत त्याचा विचार कपडा शिवून झाल्यावर करता येत नाही. तंतू कोणता, कापड कसले, रंग कोणता व बेतणी कशी, हे ठरते तेव्हाच त्या कपड्याचा भूमीवर, पाण्यावर व माणसांवर पडणारा भार बहुतांशी निश्चित होतो. म्हणून या शिक्षणाचा आरंभ रेखाटनाच्या कागदापासून न करता तंतूपासून करावा लागतो. महाराष्ट्रातील बुलढाणा जिल्ह्यासारख्या कापूस प्रदेशाच्या संदर्भात ही गोष्ट विशेष स्पष्ट होते.

पार्श्वभूमी : बुलढाणा हा वऱ्हाडातील पश्चिमेकडील जिल्हा. पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीत कापसाची लागवड जुनी असून खामगाव ही त्याची प्रमुख बाजारपेठ होती. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) तेथील कापसाचा पुरवठा खंडित झाल्याने इंग्लंडमधील गिरण्यांची मागणी भारताकडे वळली व वऱ्हाडच्या कापसाला अपूर्व भाव आला. त्यानंतर १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा लोहमार्गाचा फाटा सुरू झाला. या लोहमार्गाने कापूस बाहेर जाण्याची सोय झाली. मात्र कापड या प्रदेशात बाहेरूनच येत राहिले. सरकी काढणे व गाठी बांधणे हे उद्योग जिल्ह्यात वाढले. परंतु सूतकताई, विणाई, रंगाई व कपडेनिर्मिती ही अधिक मोल देणारी कामे बहुतांशी अन्यत्र होत राहिली. शेती मुख्यतः पावसावर अवलंबून असल्याने उत्पन्न अनिश्चित असते. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २००६ मध्ये केंद्र शासनाने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष साहाय्य जाहीर केले, त्यांत बुलढाणा जिल्ह्याचा समावेश होता. वेशाभिकल्पाच्या शिक्षणाशी या प्रदेशाचा संबंध केवळ रुचीचा नाही. त्यामागे कापूस पिकविणाऱ्याच्या उपजीविकेचा प्रश्न आहे.

शिक्षणसंस्था : मुंबईतील सर ज. जी. कलाशाळा (१८५७) व व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्था (१८८७) यांनी महाराष्ट्रात अनुक्रमे कलाशिक्षणाचा व वस्त्रतंत्राच्या शिक्षणाचा पाया घातला. दुसऱ्या संस्थेला १९९७ मध्ये वीरमाता जिजाबाईंचे नाव देण्यात आले. जिजाबाईंचे जन्मस्थान सिंदखेड राजा बुलढाणा जिल्ह्यातच आहे. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाने (१९१६) वस्त्र व पोशाख या विषयांना उच्च शिक्षणात स्थान दिले. चार्ल्स व रे ईम्झ या अमेरिकन दांपत्याच्या १९५८ मधील अहवालानंतर अहमदाबाद येथे राष्ट्रीय अभिकल्प संस्था (१९६१) स्थापन झाली. १९८६ मध्ये नवी दिल्ली येथे निफ्ट या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी राष्ट्रीय संस्था निघाली व १९९५ मध्ये तिचे मुंबई केंद्र सुरू झाले. तेथील पदवी अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे. याउलट, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून शिवणतंत्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम शिकविला जातो. पदवी संस्थांचा भर कल्पनेवर व प्रशिक्षण संस्थांचा हातकौशल्यावर, अशी ही विभागणी आहे. ग्रामीण विद्यार्थ्याच्या वाट्याला बहुधा दुसरा अभ्यासक्रम येतो व त्याची परिणती गावातील शिलाईकामात होते. या दोहोंमधील अंतर कमी करणे, ही शाश्वत वेशाभिकल्प शिक्षणाची एक मुख्य समस्या आहे.

कापसावर आधारलेल्या शिक्षणाची एक परंपरा विदर्भात आहे. १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून नयी तालीम ही योजना पुढे आली व झाकिर हुसेन समितीने तिचा अभ्यासक्रम आखला. त्यात टकळीवरील सूतकताईच्या आधारे गणित, भूगोल व विज्ञान शिकविण्याची कल्पना होती. तीत वेशरचनेचा विचार दुय्यम होता. तथापि वस्तू जिथून येते तेथपासून तिचे ज्ञान करून घ्यावे, हे तिचे सूत्र आजच्या अभ्यासक्रमालाही लागू पडते.

तंतूची निवड : भारतात २००२ पासून लागवडीस परवानगी मिळालेल्या बीटी कापसाच्या संकरित वाणांनी अमेरिकन जातीच्या कापसाचे क्षेत्र फार वाढविले. त्याचा तंतू लांब व गिरणीस सोयीचा असतो. पण संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने (स्थापना १९६९) एकेए-७, एकेए-८ यांसारखे देशी कापसाचे सरळ वाण विकसित केले आहेत. देशी कापूस अवर्षण व रसशोषक किडी यांना तुलनेने चांगले तोंड देतो आणि त्याचे बी शेतकऱ्यास राखून ठेवता येते. मात्र त्याचा तंतू आखूड व जाडसर असल्याने बारीक सुतासाठी तो उपयोगी पडत नाही. येथे अभिकल्पकाचे काम सुरू होते. जाड सुताच्या कापडाला शोभेल अशी वेशरचना त्याने केली, तर देशी कापसाला मागणी निर्माण होऊ शकते. नागपूर येथील केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने (स्थापना १९७६) विकसित केलेल्या ‘वैदेही-९५’ या वाणाचा तंतू निसर्गतःच फिकट तपकिरी असतो. त्यापासूनचे कापड रंगविण्याची गरज कमी होते. अशा वाणांची गुणवैशिष्ट्ये विद्यार्थ्याने पिंजून, कातून व विणून प्रत्यक्ष पाहणे आवश्यक असते.

एका सदऱ्याच्या कापसास सु. २,७०० लि. पाणी लागते, असा आकडा जगभर उद्‌धृत केला जातो. तो जागतिक सरासरीवर आधारित आहे. कालव्याच्या पाण्यावर वाढविलेला कापूस आणि बुलढाण्यातील कोरडवाहू कापूस यांना तो सारखाच लावणे योग्य नव्हे. कारण दुसऱ्याची गरज बहुतांशी शिवारात पडणाऱ्या पावसाने भागते. आकड्यामागील परिस्थिती तपासण्याची सवय हा या शिक्षणाचा महत्त्वाचा भाग आहे.

बेतणी : कापड बेतताना साच्यांच्या मधील जागेत जे तुकडे उरतात, त्यांस कातरण म्हणतात. कपड्यांच्या कारखान्यांत सर्वसाधारणपणे सु. १५ टक्के कापड अशा रीतीने वाया जाते. याचा अर्थ पुढील स्थूल हिशेबावरून ध्यानात येईल. एक क्विंटल कापसापासून सु. ३४ किग्रॅ. रुई व कताईतील घट वजा जाता सु. ३० किग्रॅ. सूत मिळते. चौरस मीटरला १२५ ग्रॅम वजनाचे कापड विणल्यास ते सु. २४० चौ. मी. भरते व त्यातून शंभरावर सदरे होतात. बेतणीतील नुकसान १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणले, तर तेवढ्याच कापसातून सात-आठ सदरे अधिक निघतात. त्यासाठी अधिक जमीन, पाणी वा खत लागत नाही; लागतो तो साच्यांच्या मांडणीचा विचार.

नुकसान मुळीच होऊ न देणारी वेशरचना महाराष्ट्राला नवी नाही. नऊवारी लुगडे व धोतर ही न कापता नेसण्याची वस्त्रे होत. खण हा चोळीच्या मापानेच विणला जातो. बाराबंदीचे बहुतेक भाग सरळ पट्ट्यांचे असतात. शिवणीच्या आत राखलेली जादा पट्टी म्हणजे माया. ती ठेवल्यास वाढत्या अंगाच्या मुलाचा कपडा उसवून पुन्हा मोठा करता येतो. कारखान्यात ही माया कापड वाचविण्यासाठी कमी केली जाते व त्यामुळे कपड्याचे आयुष्य घटते. कापडाची बचत व कपड्याचा टिकाऊपणा यांत असा विरोध उद्‌भवल्यास कशाला प्राधान्य द्यावे, हे प्रत्येक वेशाच्या उपयोगावरून ठरवावे लागते.

रंगाई : विल्यम पर्किन यांनी १८५६ मध्ये पहिला कृत्रिम रंग तयार केला. १८६८ मध्ये मंजिष्ठातील रंगद्रव्य प्रयोगशाळेत सिद्ध झाले व त्यानंतर मंजिष्ठ, आल यांसारख्या वनस्पतींपासूनच्या लाल रंगांची मागणी ओसरली. काही ॲझो रंग आरोग्यास घातक ठरल्यावर जर्मनीने १९९४ मध्ये व भारताने १९९७ मध्ये त्यांच्या वापरावर बंदी घातली. त्यामुळे वनस्पतिज रंगांकडे पुन्हा लक्ष वळले. परंतु वनस्पतिज रंग आपोआप निर्दोष ठरत नाहीत. सुती कापडावर ते टिकण्यासाठी हिरडा व तुरटी यांसारखी रंगबंधके लागतात. क्रोमियम वा तांबे यांचे क्षार वापरल्यास सांडपाणी दूषित होते. डाळिंबाची साल किंवा झेंडूची टाकाऊ फुले वापरणे आणि रंगासाठी झाडे तोडणे यांतही मोठा फरक आहे. जिल्ह्यातील लोणार सरोवराचे क्षार पूर्वी साबण व काच यांसाठी वापरीत. कापसावरील मेण व तेल काढण्यासही अल्कधर्मी क्षार लागतात. तथापि हे सरोवर २०२० मध्ये रामसर करारानुसार संरक्षित पाणथळ स्थळांच्या यादीत समाविष्ट झाले आहे. एखादी वस्तू स्थानिक आहे, एवढ्यावरून तिचा वापर शाश्वत ठरत नाही, याचे हे उदाहरण होय.

पुनर्वापर व श्रम : गोधडी, वाकळ तसेच जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देणारी बोहारीण यांच्यामुळे महाराष्ट्रात वस्त्र सहसा टाकले जात नसे. सुती कापडाचे पुन्हा तंतू करता येतात. मात्र सूत व पॉलिएस्टर यांच्या मिश्र कापडातून ते वेगळे करणे कठीण असते. जगातील तंतुउत्पादनात आता निम्म्याहून अधिक वाटा पॉलिएस्टरचा आहे. त्यामुळे कपडा शेवटी कसा सुटा करता येईल, याचा विचार अभिकल्पातच करावा लागतो. शिवणाऱ्यांची सुरक्षितता हेही शाश्वततेचे अंग आहे. २०१३ मध्ये बांगला देशातील सावर येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळून तेथील कपड्यांच्या कारखान्यांतील ११०० हून अधिक लोक मृत्यू पावले. स्वस्त व झटपट बदलणाऱ्या वेशांची खरी किंमत कोण देतो, हा प्रश्न तेव्हापासून अभ्यासक्रमांत अपरिहार्य झाला.

भवितव्य : महाराष्ट्र शासनाने २०२३–२८ या कालावधीसाठी एकात्मिक व शाश्वत वस्त्रोद्योग धोरण स्वीकारले. केंद्र शासनाच्या योजनेतील एक विशाल वस्त्रोद्योग उद्यान अमरावती येथे उभारण्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. बुलढाणा जिल्हा ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो, त्या संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाचे (स्थापना १९८३) मुख्यालयही तेथेच आहे. कताई, विणाई व कपडेनिर्मिती कापसाच्या जवळ आल्यास प्रशिक्षित मनुष्यबळाची गरज वाढेल. परंतु केवळ शिलाई यंत्रे चालविणारे कामगार तयार करून प्रदेशाच्या स्थितीत फारसा फरक पडणार नाही. तंतू ओळखणारा, बेतणीचा हिशेब करणारा, रंगबंधकाचे परिणाम जाणणारा व दुरुस्तीला जागा ठेवणारा अभिकल्पक तयार होणे आवश्यक आहे. या शिक्षणातील नवनिर्मितीचे मूल्य कपड्याच्या नावीन्यावरून जितके ठरेल, त्याहून अधिक ते तो कपडा किती काळ वापरला जातो आणि त्याच्या किमतीतील किती वाटा कापूस पिकविणाऱ्यापर्यंत पोहोचतो, यांवरून ठरेल.