तीच रक्ततपासणी पुन्हा कशासाठी?

सांधेदुखी, न हटणारा बारीक ताप, गालांवर लालसर चट्टे अशा तक्रारी घेऊन पनवेल, उरण, कर्जत परिसरातील तरुण स्त्रिया रुग्णालयात येतात, तेव्हा डॉक्टर कधी कधी ‘अँटी-डीएनए’ चाचणी सुचवितात. काही महिन्यांनी तीच चाचणी पुन्हा सांगितली की, “एकदा झाली ना, मग पुन्हा खर्च कशाला?” असा प्रश्न नातेवाईक आमच्या कार्यालयात विचारतात. प्रश्न रास्त आहे. म्हणून हे निवेदन.

प्रतिपिंडे ही रोगजंतूंपासून रक्षण करणारी प्रथिने होत. ल्युपस या विकारात शरीर आप्तपरभाव विसरते आणि स्वतःच्याच पेशींतील डीएनएविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. अशा प्रतिपिंडांचा शोध १९५७ साली लागला. त्यांचे डीएनएशी बनलेले पुंजके मूत्रपिंडाच्या सूक्ष्म गाळण्यांत साचून दाह होतो. तो दुखत नाही, म्हणून लवकर कळतही नाही. ल्युपसच्या दर १० रुग्णांत सुमारे ९ स्त्रिया असतात.

प्रयोगशाळेत ‘एलायझा’ पद्धतीने डीएनए लावलेल्या खळग्यांत रुग्णाचा रक्तद्रव घालतात. प्रतिपिंडे डीएनएला धरून राहतात व पुढील रसायनांनी रंग उमटतो. रंग जितका गडद, तितकी प्रतिपिंडे अधिक. खात्रीसाठी क्रिथिडिया हा माणसाला निरुपद्रवी असलेला एकपेशीय जीव वापरतात. त्याच्या एका भागात दुहेरी धाग्याचा डीएनए एकवटलेला असतो. प्रतिपिंडे तेथे चिकटल्यास सूक्ष्मदर्शकाखाली हिरवा ठिपका चमकतो. परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी येथे भारतीय रुग्णांतील या प्रतिपिंडांचा अभ्यास झाला आहे.

एका दिवसाच्या शिलकेवरून संस्थेचा व्यवहार उमगत नाही, वर्षभराची खातेवही पाहावी लागते. तसेच या चाचणीचे आहे. काही रुग्णांत प्रतिपिंडे आढळतच नाहीत. मात्र ती वाढू लागली, तर आजार उसळण्याची पूर्वसूचना अनेकदा मिळते, आणि लघवीच्या तपासणीसह निदान होऊन मूत्रपिंड वाचविता येते.

म्हणून कुटुंबीयांनी जुने अहवाल जपावेत, शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासणी करावी आणि आकडा उतरला म्हणून परस्पर औषध थांबवू नये. गरजू रुग्णांना मिळणारी सवलत पहिल्या चाचणीपुरती न राहता पाठपुराव्यासही लाभावी, अशी विश्वस्त व देणगीदारांना आमची नम्र विनंती आहे.