पेशीतली घंटागाडी

२०१८चा फेब्रुवारी आठवतोय? नारेगावकरांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि आपलं शहर कित्येक महिने तुंबलं. तुम्ही तेव्हा शाळेत असाल, नाकाला रुमाल लावून क्लास गाठला असेल. कचरा झाकून भागत नाही, उचलावाच लागतो, हे तेव्हा सगळ्यांना पटलं. औषधशास्त्रात सध्या नेमकी हीच चर्चा आहे.

'हर-टू' नावाचं प्रथिन बघा. काही स्तनकर्करोगांत ते पेशीच्या पृष्ठभागावर भरमसाट असतं आणि आत सतत 'वाढत राहा' असा निरोप धाडतं. ट्रास्टुझुमॅब हे औषध १९९८पासून त्याला बाहेरून चिकटतं आणि निरोप अडवतं. अनेकींचे जीव त्यानं वाचवले. पण काही गाठी पुढे या औषधाला दाद देईनाशा होतात. मग ते प्रथिनच उचलून नेलं तर?

पेशीच्या आतली प्रथिनं मोडीत काढायची 'प्रोटॅक' ही युक्ती २००१मध्येच आली होती. पण जिथं फक्त बाहेरची बाजू हाताला लागते, तिथं ती चालेना. २०२०मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात कॅरोलिन बर्टोझी यांच्या गटानं त्यावर 'लायटॅक' आणलं. (बर्टोझींना २०२२चं नोबेल मिळालं, पण ते वेगळ्या कामासाठी.)

पेशीकडे स्वतःची घंटागाडी असते. एक ग्राहक-प्रथिन पृष्ठभागावर येतं, मॅनोज-६-फॉस्फेट ही साखरेची खूण असलेला माल उचलतं, लायसोसोमच्या वाटेला लावतं आणि पुढच्या फेरीला मोकळं होतं. लायसोसोम म्हणजे पेशीचा कचरा प्रक्रिया प्रकल्प. लायटॅकचं एक टोक म्हणजे नको असलेलं प्रथिन पकडणारी अँटिबॉडी, दुसऱ्या टोकाला त्या खुणेसारख्याच साखरांची साखळी. गाडीला वाटतं, आपलाच माल!

मात्र ही गाडी बहुतेक सगळ्याच पेशींत फिरते, म्हणजे निरोगी पेशीतलं कामाचं प्रथिनही जाण्याची भीती. म्हणून २०२१मध्ये मुख्यत्वे यकृतातच धावणाऱ्या दुसऱ्या गाडीवर प्रयोग झाले.

लायटॅक अजून केमिस्टकडे मिळत नाही. मला खरी धास्ती किमतीची वाटते. अँटिबॉडी जिवंत पेशींत वाढवावी लागते, तीच महाग, त्यात ही साखळी. आपल्या शासकीय कर्करोग रुग्णालयात बीड-परभणीहून येणाऱ्या बाईला ते परवडेल का? बी.फार्म.वाल्यांनो, हा प्रश्न तुमचाय. वोक्हार्टनं मानवी इन्सुलिन याच शहरात बनवलं होतं.