उजव्या कडेचे पीके

सिंदेवाहीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आमच्या शेजारी एक बंगाली गार्डकाका राहायचे. उन्हाळ्यात अंगणात खाटा पडल्या की विषय एकच, फुटबॉलपटू पी. के. बॅनर्जी. ‘आपला रेल्वेवाला पोरगा!’ म्हणत काका चप्पल काढून मातीत रेघ ओढत: ही कड, इथून पीके सुसाट सुटायचा आणि पाय फारसा मागे न नेता फटका हाणायचा.

1958 साली ईस्टर्न रेल्वेनं कलकत्ता लीग जिंकली, त्या संघाचे पीके राईट विंगर. 1960 ला रोम ऑलिम्पिकमध्ये कर्णधार पीकेंनी फ्रान्सवर गोल केला. सामना 1-1 सुटला. 1962 च्या जकार्ता एशियाडमध्ये भारतानं दक्षिण कोरियाला 2-1 हरवून सुवर्ण जिंकलं, त्यातला पहिला गोल पीकेंचाच. पण मला सगळ्यांत मोठं वाटतं ते हे, की मोहन बागान, ईस्ट बंगालकडून ते कधी खेळले नाहीत, रेल्वेतच राहिले. पुढे मात्र दोन्ही क्लबांना त्यांनीच शिकवलं.