थ्री नॉट थ्री: इंग्लंडात क्लबच्या सहलीला, आपल्याकडे घरात सापडली तर?

जिल्ह्यात ज्यांनी जुने पोलीस पाहिलेत, त्यांना थ्री नॉट थ्री वेगळी सांगायला नको. लाकडी दस्त्याची, चारेक किलो वजनाची, एक गोळी झाडली की बोल्ट मागे-पुढे ओढावा लागणारी रायफल. खरं नाव ली-एनफिल्ड. नळीचा आतला व्यास ०.३०३ इंच, म्हणून थ्री नॉट थ्री. मेसोपोटेमियापासून इटलीपर्यंत दोन्ही महायुद्धांत मराठा पलटणींचे जवान याच बोअरच्या रायफली घेऊन लढले. पुढे ती पोलिसांकडे आली. २६/११ च्या रात्री मुंबईच्या सीएसटी स्थानकावरही काही पोलिसांच्या हातात हीच होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर २६ जानेवारी २०२० ला तिला रीतसर निरोप दिला.

इंग्लंडमध्ये मात्र ही रायफल अजून गोळ्या झाडते. तिथे नेमबाजी क्लबचे सभासद सुट्टीच्या दिवशी जुन्या लष्करी रायफली घेऊन रेंजवर जातात.

रेंजवर दिवसभर काय चालतं?

सरे परगण्यातलं बिस्ली हे त्यांचं पंढरपूरच म्हणा. तिथल्या नॅशनल रायफल असोसिएशनची स्थापना १८५९ ची, आणि १८९० पासून मुक्काम बिस्लीला. तिथल्या सेंच्युरी रेंजवर शंभराहून जास्त टार्गेट एका ओळीत उभी असतात आणि ६०० यार्डांपर्यंत नेम धरता येतो.

सकाळी आधी हजेरी आणि सूचना. लाल निशाण वर चढलं की रेंज चालू. रेंज अधिकाऱ्याचा हुकूम सुटेपर्यंत बोल्ट उघडा आणि नळी समोरच. कानाला संरक्षण सक्तीचं.

निम्मे लोक गोळ्या झाडतात, तेव्हा उरलेले टार्गेटखालच्या खोल चरात बसलेले असतात. गोळी डोक्यावरून जाते. मग ते टार्गेट खाली ओढतात, भोकात खूण लावतात आणि पुन्हा वर चढवतात. थोड्या वेळाने पाळी बदलते. म्हणजे नेम धरण्याइतकंच दुसऱ्यासाठी राबणंही आलं.

ली-एनफिल्डमध्ये दहा गोळ्या बसतात. पाच-पाचच्या पत्र्याच्या क्लिपमधून त्या वरून दाबून भरतात. ब्रिटिश सैनिकाला ३०० यार्डांवरच्या टार्गेटवर एका मिनिटात १५ गोळ्या झाडायचा सराव असे. क्लबवाले तोही करून बघतात. खांद्याला दणका चांगलाच बसतो, त्यामुळे नवख्याला आधी दस्ता खांद्याशी घट्ट धरायला शिकवतात.

जुनं हत्यार जपावं लागतं

रायफलचं वय ८०-१०० वर्षं. म्हणून काडतूस बसतं ती जागा झिजली आहे का, हे आधी गेज लावून तपासतात. जुन्या लष्करी काडतुसांच्या प्रायमरमधून नळीत क्षार उरतो. तो हवेतला ओलावा धरतो आणि नळी गंजते. नुसत्या तेलाने तो जात नाही, आधी गरम पाण्याने नळी धुवावी लागते. बंदुकीत 'काही होत नाही' म्हणून चालत नाही.

कायदाही ढिला नाही. रायफल ठेवायला पोलिसांचं प्रमाणपत्र लागतं. क्लब सरकारमान्य असावा लागतो, नव्या सभासदाला किमान तीन महिने उमेदवारी करावी लागते. पाहुण्यांसाठीचे दिवस वर्षाला जास्तीत जास्त १२.

आपल्याकडे का नाही?

लष्कर-पोलिसांच्या काडतुसाचं हत्यार आपल्याकडे 'प्रोहिबिटेड बोअर'मध्ये मोडतं. केंद्र सरकारच्या खास परवानगीशिवाय ते ठेवता येत नाही. म्हणून इशापूरच्या कारखान्याने सामान्य परवानाधारकांसाठी .३१५ बोअरची रायफल काढली. तिचा बोल्ट ली-एनफिल्डच्याच धर्तीचा. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला शस्त्र कायद्यात सरावासाठी सवलत आहे, २०१९ च्या दुरुस्तीपर्यंत ती .२२ रायफल आणि एअर रायफलपुरतीच होती.

घरात जुनी बंदूक निघाली तर?

आपल्या तालुक्यांसाठी खरा मुद्दा हा आहे. वाडा पाडताना, माळा साफ करताना आजोबांची बंदूक निघते. कधी परवाना आजोबांच्या नावावर असतो आणि ते जाऊन वर्षं उलटलेली असतात. वारस म्हणतो, 'आमचीच तर आहे.' पण घर-जमिनीसारखी बंदूक आपोआप नावावर होत नाही.

परवानाधारक वारल्यावर हत्यार विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायचं आणि पावती घ्यायची. वारसाला ठेवायचं असेल तर स्वतःच्या नावाने परवान्याचा अर्ज करावा लागतो. २०१६ च्या नियमांत आणखी एक सोय आहे. परवानाधारक ७० वर्षांचा झाला असेल किंवा हत्यार २५ वर्षं त्याच्याकडे असेल, तर हयातीतच वारसाच्या नावाने अर्ज करता येतो. म्हातारं माणूस घरात असतानाच हे उरकलेलं बरं.

२०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली, वारसाहक्काच्या धरून. परवान्याची मुदत मात्र तीनऐवजी पाच वर्षं झाली. विनापरवाना साधी बंदूक सापडली तर दोन ते पाच वर्षं कैद, प्रोहिबिटेड बोअरची असेल तर सात ते चौदा वर्षं. लग्नात-मिरवणुकीत हवेत बार काढून कुणाचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तेव्हा अशी बंदूक हाती लागली तर 'चालते का बघू' म्हणून चाप ओढू नका. आत गोळी असू शकते, आणि गंजलेली नळी फुटली तर आधी तुमचाच हात जाईल. भीतीपोटी विहिरीत टाकू नका, मिरवायला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोही नको. आहे तिथेच राहू द्या, पोरांना लांब ठेवा आणि पोलीस ठाण्याला कळवा. जुना परवाना, मृत्यूचा दाखला जवळ ठेवा. शंका असेल तर आधी वकिलाला गाठा.